खरी मधली गल्ली

नव्या साहेबांचा पलंग वेळेवर आला, मधल्या गल्लीतच आला, आणि हमालांनी तो नीट जोडूनही दिला. घोटाळा एवढाच झाला की साहेब राहत होते बाजारामागच्या मधल्या गल्लीत आणि पलंग जोडला गेला शाळेमागच्या मधल्या गल्लीत, एका निवृत्त मास्तरांच्या खोलीत. मास्तर त्यावर चार दिवस निवांत झोपले. चौकशी झाली तेव्हा म्हणाले, "मला वाटलं लेकीनं पाठवला. तिला फोनवर म्हटलं होतं ना, पाठ दुखते म्हणून!"

इकडे साहेब चार दिवस सतरंजीवर झोपले होते आणि आता पाठ त्यांची दुखत होती. पाचव्या दिवशी कमरेवर हात ठेवूनच ते नगरपालिकेत आले आणि त्यांनी आवक-जावक कारकुनाला बोलावून घेतलं.

"या गावात मधल्या गल्ल्या आहेत तरी किती?"

"तीन, साहेब. बाजारामागची, शाळेमागची आणि तळ्याजवळची. तळ्याजवळच्या गल्लीत मी राहतो."

"तिन्ही मधल्या कशा असतील?"

"प्रत्येक जण कशाच्या ना कशाच्या मध्ये असतोच की, साहेब."

साहेब तत्त्वज्ञान ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पंधरा दिवसांत गावात एकच मधली गल्ली राहिली पाहिजे, बाकीच्या दोघींना दुसरी नावं द्या, असा हुकूम सुटला. मग कारकुनाचा चेहरा पाहून ते जरा नरमले. "हे जमवून दाखवा. हेडक्लार्क निवृत्त झालेत, त्यांची खिडकीजवळची जागा तुमची."

हे ऐकून कारकून एकदम खुलला. त्याचं टेबल अठरा वर्षं कपाटांच्या दोन रांगांमधल्या बोळात, स्वच्छतागृहाच्या दाराला चिकटून होतं. जाणारा प्रत्येक जण त्याला विचारी, "आत कुणी आहे का?" आणि तो मान वर न करता "आहे" किंवा "नाही" सांगे. कचेरीतल्या कोणाचं पोट कधी बिघडतं, हे त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ऊन, वारा, रस्त्यावरची माणसं, यातलं काही तिथे पोचत नसे. खिडकीपाशी बसायला मिळावं, ही त्याची आयुष्यातली एकमेव मोठी इच्छा होती, आणि ती त्यानं आजवर कुणाला बोलून दाखवली नव्हती.

संध्याकाळी घरी जाऊन त्यानं बायकोला मात्र सगळं सांगितलं. ती पिशवीतली भाजी काढता काढता थांबली.

"मग आपल्याच गल्लीचं नाव ठेवा. त्यात विचार कसला करायचा?"

"असं कसं? कारण द्यावं लागतं. आपली गल्ली कशाच्या मध्ये आहे, सांग बघू."

"तुमच्या ऑफिसच्या आणि माझ्या माहेराच्या."

"हे फाइलवर लिहू?"

"लिहा. आणि नाव गेलं ना, तर त्या खिडकीतच जेवत जा. मी डबा देणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिन्ही गल्ल्यांची बैठक बोलावली. बाजारामागच्या गल्लीतर्फे शिंपी आला होता. त्यानं नुकतंच दोन हजार कापडी पिशव्यांवर 'मधली गल्ली' छापून घेतलं होतं, आणि पुरावा म्हणून त्यातल्या तीस-चाळीस तो सोबत घेऊनच आला होता. शाळेमागच्या गल्लीतर्फे मास्तर होते. पलंग परत द्यावा लागल्यामुळे ते आधीच दुखावलेले होते.

"पलंग नेलात, आता गल्लीही नेता?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, पलंग साहेबांचा होता," शिंपी म्हणाला.

"पण पत्ता माझा होता!"

"तुमची गल्ली काल-परवाची. माझ्या आजोबांनी मधल्या गल्लीत दुकान टाकलं, तेव्हा तुमच्याकडे नुसत्या बाभळी होत्या."

"आणि तुमच्या आजोबांनी शिवलेल्या चड्ड्या आमच्या वडिलांना कधी नीट बसल्या नाहीत!"

तळ्याजवळच्या गल्लीतर्फे कारकुनाची बायकोच येऊन बसली होती. तिनं एवढंच सांगितलं, "आमच्या ह्यांना सगळं माहीत आहे." त्यामुळे उरलेल्या दोन्ही गल्ल्यांचा कारकुनावरचा विश्वास तिथल्या तिथे उडाला.

कारकून कागदाचा माणूस होता. भांडण मिटवायचं तर ते मोजता आलं पाहिजे, अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं स्वच्छ अक्षरात आदेश लिहिला: 'गावाचा मध्य मोजून काढावा. तो ज्या गल्लीत पडेल, तिलाच मधली गल्ली म्हणावे.' साहेबांनी वाचून खूश होऊन सही केली. आपण तोडगा काढला, असं कारकुनाला वाटलं. प्रत्यक्षात त्यानं गावाच्या हातात नवं कोलीत दिलं होतं.

कारण मध्य काढायचा तर आधी हद्द ठरायला हवी. शिंप्यानं पूर्वेकडच्या वीटभट्टीवाल्याला गाठलं आणि 'तुम्ही आमच्या गावातलेच' म्हणून पटवलं, म्हणजे मध्य पूर्वेला, त्याच्या गल्लीकडे सरकला असता. हे कळताच मास्तरांनी पश्चिमेच्या टेकडीवर जुने विद्यार्थी नेऊन दोन पत्र्याच्या शेड उभारल्या आणि इथे वाचनालय होणार, असं जाहीर केलं. कारकुनाच्या बायकोनं आणखी पुढची मजल मारली. तळ्यात होड्या आहेत, होडीत माणसं बसतात, तेव्हा अख्खं तळं गावातच मोजावं, असा अर्ज तिनं नवऱ्याच्याच टेबलावर आणून दिला आणि पोच मागितली. नवऱ्यानं मुकाट्यानं शिक्का मारला.

मध्य काढायला बोलावलेला मोजणीदार मुळातच चिडका होता. त्यानं वीटभट्टी, शेड आणि तळं, तिघांनाही एका वाक्यात उडवून लावलं, "जुन्या नकाशात नाही, म्हणजे नाही." तरी तिन्ही गल्ल्या त्याला चहा पाजत होत्या. तो सगळ्यांचा चहा प्यायचा आणि कुणाचंच ऐकायचा नाही. अकराव्या दिवशी त्याला आम्लपित्त झालं आणि तेराव्या दिवशी मोजणी संपली.

निकालाच्या सकाळी तो हातात कागद आणि फीत घेऊन निघाला आणि त्याच्यामागे तिन्ही गल्ल्या निघाल्या. बाजाराकडे वळणारा रस्ता त्यानं सोडला. शिंप्याचा चेहरा पडला. शाळेकडचाही सोडला. मास्तर खाली बसले. कारकुनाची बायको पदर खोचून पुढे सरसावली, तोच तो तळ्याकडे न जाता नगरपालिकेच्या फाटकातून आत शिरला. पायऱ्या चढला, व्हरांडा ओलांडला, कपाटांच्या बोळात घुसला आणि कारकुनासमोर येऊन उभा राहिला.

"उठा."

"आत कुणी नाही, जा तुम्ही," कारकून सवयीनं म्हणाला.

"मला जायचं नाही. तुम्ही उठा."

कारकून उठला. मोजणीदारानं खुर्ची बाजूला सारली, फीत लावली, दोनदा खात्री केली आणि फरशीवर खडूनं फुली मारली. "हा गावाचा मध्य."

बोळात दाटीवाटीनं उभे असलेले सगळे वाकून फुली पाहू लागले. मग शिंप्यानं हळूच विचारलं, "म्हणजे मास्तरांची गल्ली नाही ना?"

"नाही."

"आणि शिंप्याची?" मास्तर म्हणाले.

"तीही नाही."

दोघांनी एकमेकांना चक्क टाळी दिली. दुसऱ्याला मिळालं नाही, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. नावं जशी आहेत तशी राहू द्यावीत, यावर तिन्ही गल्ल्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि माणसं हसतखेळत घरी गेली.

साहेबांना मात्र मध्य सापडल्याचा भलताच आनंद झाला, इतका की दोन नावं बदलायचा हुकूम ते विसरूनच गेले. त्यांनी फुलीच्या जागी पितळी चकती बसवली. आदेशावर सही त्यांचीच होती, त्यामुळे कपाटांच्या बोळाला 'मधली गल्ली' अशी पाटीही लागली. मग त्यांनी कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता तुम्हाला इथून हलवणं बरोबर दिसणार नाही. चकतीची देखभाल तुमच्याइतकी कोण करणार? खिडकीपाशी आपण टायपिस्टबाईंना बसवू."

कारकुनाला रडूच कोसळायचं बाकी होतं. टायपिस्टबाई खिडकीतून बाहेर बघत चहा प्यायच्या आणि तो बोळात आपला कप तसाच थंड होऊ देई. बायकोनं डबा देणं बंद केलं नव्हतं, उलट त्यात एक पदार्थ जास्तीचा असायचा, आणि त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटायचं.

मग माणसं यायला लागली. कुणी चकती पाहायला, कुणी तिच्यावर उभं राहून फोटो काढायला. वर्ग घेऊन शिक्षक आले. कारकून आधी वैतागून पाय बाजूला घ्यायचा. हळूहळू तो स्वतःच उठून उभा राहू लागला, मग माहिती सांगू लागला, आणि एके सकाळी त्यानं घरून फडकं आणून चकती घासली.

त्याच दुपारी एक हमाल पाठीवर भलं मोठं खोकं घेऊन घाम पुसत आत आला. त्यानं पाटी वाचली, हातातला कागद वाचला आणि विचारलं, "भाऊ, मधली गल्ली हीच ना? तिघं जण तीन ठिकाणं सांगतायत."

खोकं कुणाचं होतं, हे कारकुनानं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं ताठ मानेनं सही केली.

"हीच," तो म्हणाला. "बाकीच्या तिन्ही नुसत्या म्हणायला."