सयाजीची गार खोली

"आणखी एकदा मशीनवर डुलकी लागली, तर मशीन इथं राहील आणि तू परत गावी, साताऱ्याला!" फोरमन अर्जुनरावांनी सयाजीला बजावलं.

आता यात सयाजीचा काय दोष? त्याला रातपाळी होती, म्हणजे झोप दिवसा काढायची. पिंपरीत कोंडाजी पाटलांनी शेताच्या कडेला बांधलेल्या त्याच्या भाड्याच्या खोलीवर नुसते पत्रे. वैशाखातल्या दुपारी तिथं माणूस भाजून निघायचा. पण सयाजी हट्टाचा पक्का होता.

"झोपेन तर याच खोलीत!" तो बायकोला, मंजुळाबाईंना म्हणाला.

आधी त्यानं पत्र्यांना चुना फासला. खोली बाहेरून लग्नघरासारखी दिसू लागली. आत मात्र फारसा फरक पडला नाही.

"चुन्यानं काय व्हतंय?" कोंडाजी बांधावरून ओरडले. "हातभर उसाचं पाचट टाक आन् वरनं मातीनं लिंप. माझ्या शेतातलं ने की!"

सयाजीनं दोन सुट्ट्या घालवून पाचट चढवलं, माती लिंपली, खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी मंजुळाबाई आनंदानं ओरडल्या, "अहो, लोणी वितळलं नाही!"

सयाजीनं समाधानानं डोळे मिटले. तेवढ्यात शेजारच्या चार बायका पाट घेऊन शेवया वळायला आल्या.

"आयाबायांना नाही कसं म्हणू?" मंजुळाबाई म्हणाल्या. "तुम्ही झोपा. त्या हळूच बोलतील."

त्या खरंच हळू बोलत होत्या. विषय सासवांचा असल्यामुळे सयाजीला मात्र कान देऊन ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी बेण्याच्या बटाट्यांची दोन पोती घेऊन हजर झाले.

"खोली माजी, पाचट बी माजं. खाटंखाली ऱ्हाऊ दे की ही दोन पोती!"

मग रोज दुपारी खाटेखाली वाकून ते नासका बटाटा शोधू लागले. सयाजीनं कानांत कापूस कोंबला, डोक्यावर पांघरूण घेतलं, पण हार मानली नाही.

आणि एका दुपारी खुद्द अर्जुनरावच दारात उभे राहिले.

"दिवसा झोपतोस की उनाडतोस, ते बघायला आलोय." असं म्हणत ते आत आले आणि थबकले. "अरे, काय गारवा आहे! ऊठ जरा, पाच मिनिटं पाठ टेकतो."

पाच वाजेपर्यंत ते घोरत होते. त्यांच्यासाठी बायका चिडीचूप झाल्या, कोंडाजी चवड्यांवर चालले. सयाजी बाहेर बाभळीखाली बसला आणि सावली सरकेल तसा सरकत राहिला. बिचाऱ्याला रडू यायचंच बाकी होतं.

अर्जुनराव दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी तर स्वतःची उशी घेऊन आले. साहेबाला नाही कोण म्हणणार?

आठवड्यानं पाळी सुरू होताना ते कारखान्याच्या फाटकात भेटले. चेहरा कसा टवटवीत!

"सयाजी, तुझे फार उपकार झाले बघ," त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाला सांगू नकोस, पण आजवर रात्रीचे बारा वाजले की मी गोदामात पोत्यांवर आडवा व्हायचो. आता रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. आजपासून दर तासाला फेरी! मशीनवर कोण पेंगतंय, एकेकाला बघतो. काय?"

सयाजीनं "होय साहेब" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला भलीमोठी जांभई आली.