सुतारकामाचं विलायती टेबल

सुतारकाम माझ्या रक्तात आहे! आजोबा सुतार, वडील सुतार, आणि सासरे तर असे सुतार की मालवणातल्या अर्ध्या घरांचे दरवाजे त्यांच्या हातचे. मी तेवढा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून झालो. पण रक्त का कुठे जातं? लिहायच्या टाकापेक्षा जड हत्यार मी कधी हातात धरलं नव्हतं हे खरं, पण ते केवळ सवड मिळाली नाही म्हणून.

ती सवड चौपन्न साली मिळाली. आम्ही तेव्हा अंधेरीला चकाल्यात युस्टेस परेराच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. सासूबाई वारल्यावर माझ्या बायकोने, नलिनीने, तिच्या वडिलांना गावाहून आणलं. काशीराम मेस्त्री. मी त्यांना मामा म्हणतो. मामा आले ते हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊनच, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात बसून कुणाचा पाळणा, कुणाची खिडकी करू लागले. घोटाळा एकच होता. मामा जमिनीवर बसत, लाकूड पायांत धरत आणि झकास काम करत. पण उठायची वेळ आली की गुडघे संपावर जात! मग एका काखेत नलिनी, दुसऱ्या काखेत मी, आणि मधे मामा. सगळं गावठाण बघत असे. मामांना ते मेल्याहून मेल्यासारखं होई.

एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं, "मी आयतवाराच्या बोटीन गावाक जातंय. लेकीच्या घरात पोत्यासारख्या उचलून घेवक माका लाज वाटता."

गावाला घर बंद. आल्यागेल्याला पाणी द्यायलासुद्धा कुणी नाही. नलिनीच्या डोळ्यांचं पाणी थांबेना.

"अहो, काहीतरी करा ना! तिथे एकटे कसे राहतील ते?"

"केलंच समज!" मी म्हणालो.

कारण आमच्या कचेरीत विलायतेहून हत्यारांचे कॅटलॉग येत, आणि त्यातल्या एका चित्रात एक गोरा सुतार चक्क उभा राहून रंधा मारत होता! त्याच्यासमोर भक्कम लाकडी टेबल, आणि टेबलाला लाकूड पकडायचा जबडा. खाली बसायचंच नाही, मग उठायचा प्रश्न येतो कुठे? असं टेबल मी गुपचूप करणार, रविवारच्या आत मामांपुढे ठेवणार, मामा थक्क होणार आणि त्यांची ट्रंक परत पलंगाखाली जाणार. सगळं ठरलं!

गुपित फक्त नलिनीला सांगितलं, आणि पोटात मुरडा आल्याचं कचेरीला कळवलं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचं, कोपऱ्यावरून वळायचं आणि विहिरीमागच्या युस्टेसच्या पेंढ्याच्या झोपडीत शिरायचं. युस्टेस दिलदार माणूस. त्याने जुन्या घराच्या सागवानी तुळया दिल्या आणि बांद्र्याच्या मोतमाउलीची शपथ घेतली, की मेलो तरी मेस्त्रींना सांगणार नाही.

"पण अनंत, तुला येतं का रे हे?"

"रक्तात आहे, यार!"

"मग ते अंगठ्यातनं का गळतंय?"

हे पहिल्या दिवसाचं. शिवाय हत्यारं मामांच्याच पेटीतून आणावी लागत होती. सोमवारी रात्रीच मी त्यांचा गुण्या उचलला. काटकोन बघायला गुण्या नको का? मंगळवारी पटाशी, बुधवारी करवत. आता खरा सुतार बायकोचा वाढदिवस विसरेल, पण पेटीतली पटाशी उलटी ठेवलेली त्याला झोपेतही कळते, हे माझ्या रक्ताने मला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

"ह्या घरात चोर आसा!" बुधवारी मामा ओरडले. "आज करवत गेली, उद्या रंधो जातलो, परवा माका उचलून नेतले!"

गुरुवारी रंधा गेलाच. मामा तडक युस्टेसकडे. शपथ पाळणाऱ्या माणसाचं तोंड कसं असतं ते त्या दिवशी कळलं. युस्टेस खोकला, आभाळाकडे बघू लागला, आणि मामांनी विचारायच्या आधीच म्हणाला, "मी नाय बघितला तुमचा रंधा! पेंढ्याच्या झोपडीत तर अजिबात नाय!"

नशीब, मामांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. घरी येऊन त्यांनी ट्रंक भरायला घेतली. "आयतवार बरो. थंय माजी हत्यारां तरी जाग्यार रवतत."

नलिनीने मला गाठलं. "थांबवायला निघालात आणि तुम्हीच घालवताय त्यांना! आधी तो रंधा परत द्या!"

"आणि टेबल सपाट कशाने करू? तुझ्या लाटण्याने?"

शनिवारी संध्याकाळी टेबल चार पायांवर उभं राहिलं. खरं सांगतो, ऊर भरून आला माझा. वरचं अर्धं रंधून झालं होतं, अर्धं राहिलं होतं. पण कॅटलॉगातलं टेबल चकाकत होतं, तेव्हा जेवढं झालं तेवढं तरी चकाकवावं म्हणून मी त्या अर्ध्यावर व्हार्निश चढवलं. युस्टेसच्या घरात कितीतरी वर्षं पडून असलेलं व्हार्निश ते, काकवीसारखं घट्ट! सकाळपर्यंत वाळेल म्हटलं.

रविवारी सकाळी दारात टांगा. मामा नवं धोतर नेसून तयार. ट्रंक टांग्यात. नलिनी पदर तोंडाला लावून उभी. "जरा युस्टेसला सांगून येतो," म्हणून मी झोपडीकडे धावलो. उरलेलं अर्धं दहा मिनिटांत रंधायचं आणि मामांना हाताला धरून आणायचं! रंधा घेतला, जोर लावला, आणि—

खर्रर्रर्र!

तुळईत खिळा होता. बाहेरून आरोळी आली, "माजो रंधो! खिळ्यार गेलो!"

अहो, नुसत्या आवाजावरून! मामा टांग्याच्या पायरीवरून उलटे फिरले आणि ज्या गुडघ्यांपायी हे सारं चाललं होतं, त्याच गुडघ्यांनी झोपडीपर्यंत जवळजवळ धावत आले. मागे नलिनी, मागे युस्टेस. मामांनी मला पाहिलं, रंधा पाहिला, आणि टेबल पाहिलं.

"ह्यां काय?"

"मामा, तुमच्यासाठी! उभं राहून काम करायचं. खाली बसायला नको, उठायला नको. तुम्ही जाऊ नका ना मामा!"

मामा टेबलाशी आले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की उंची मी माझ्या कमरेला लावून घेतली होती. मामा माझ्या खांद्याला लागतात. टेबल त्यांच्या बरगड्यांपर्यंत आलं!

"उभ्यान?" मामा म्हणाले. "उभो रवता तो गिऱ्हाईक. सुतार बसता."

असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातलं खोकं पायाने पुढे ओढलं, त्यावर चढले आणि टेबलावर मांडी घालून बसले! चकाकत्या अर्ध्यावर!

"मामा, ते व्हार्निश—" पण उशीर झाला होता. मी एका बाजूने, युस्टेस दुसऱ्या बाजूने ओढू लागलो.

"ओढू नकात! नवां धोतर फाटतलां!"

बाहेर टांगेवाला बोंबलत होता. बोट निघायची वेळ होत आली होती. मामा चिकटलेले! त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा समोरच्या ओबडधोबड अर्ध्याकडे. मग हात पुढे केला. मी रंधा दिला. मामांनी खिळा उपटला, पात्याला दगडावर धार लावली, आणि सुरू झाले. जागचं न हलता, हात पोचेल तेवढं सगळं त्यांनी काचेसारखं करून टाकलं. टांगेवाला ट्रंक उतरवून शिव्या देत निघून गेला. कुणालाच ऐकू आलं नाही, कारण आम्ही तिघं कौतुकाने बघत होतो.

दुपारी नलिनीने जेवायला हाक मारली. मामांनी धोतर हळूच सोडवलं. बोटभर चिंधी मागे राहिली. मग त्यांनी पाय खाली सोडले, खोक्यावर टेकवले, आणि उभे राहिले. एकटे. कुणाच्या हाताशिवाय! नलिनीचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली.

"पुढच्या बोटीन बगूया," मामा खाली बघत पुटपुटले.

त्या गोष्टीला चार वर्षं झाली. मामा अजून इथेच आहेत. टेबल अंगणात आणलं आहे. मामा त्यावर बसून काम करतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची वरूनच चौकशी करतात. मी एवढ्या हौसेने केलेल्या जबड्यात ते छत्री अडकवतात. लांबून लांबून लोक येऊन विचारतात, "मेस्त्री, हे काय हो नवीन?"

आणि मामा भर गावठाणात, माझ्याकडे बोट दाखवून, मोठ्या अभिमानाने सांगतात, "जावयान माका बसाक पाट करून दिल्यान. कारकून तो, मापात जरा चुकलो. उंच झालो!"