पाडसाचा घसा आणि दगडावरचा तक्ता

मुलांनो, एका जंगलात, ओढ्याच्या वळणापाशी, चंदी नावाची हरणी राहायची. तिचं पाडस जन्मल्यापासून दूध पिता पिता ठसकायचं. ठसका लागला की जीभ निळी पडायची. श्वास घेताना घशात बारीक शिट्टी वाजायची.

शेजारची टिटवी म्हणाली, "चंदे, चोंबडेपणा म्हण हवं तर, पण हा पडशाचा आवाज नव्हे गं. मोठ्या वैद्यांकडे ने."

मोठे वैद्य दोन. घुबडराव आणि गेंडेसाहेब. त्यांच्यापाशी एक सपाट दगड होता. त्यावर घशाच्या जन्मजात दोषांचा तक्ता कोरलेला. चार प्रकार, चार रकाने.

घुबडरावांनी फांदीवरूनच शिट्टी ऐकली. "प्रकार दुसरा."

"छे! तिसरा," गेंडेसाहेब म्हणाले. "त्यातही पोटप्रकार ख."

"ख तुमच्या घरी असेल!"

"अहो, पण त्याला पाजू कसं?" चंदीने विचारलं.

"प्रकार ठरल्याशिवाय इलाज नाही, बाई. शिस्त आहे."

तीन बैठका झाल्या. मधाचं अख्खं पोळं फस्त झालं. चौथ्या बैठकीत पाचवा रकाना कोरायचं ठरलं. मग त्याला नाव कोणाचं द्यायचं, यावर दोघे हमरीतुमरीवर आले. इकडे पाडसाच्या फासळ्या दिसू लागल्या. त्याला उभंही राहवेना.

टिटवीच्याने बघवेना. ती काजव्याला घेऊन आली.

"घशात उतरून बघू का?" काजवा म्हणाला.

"तुझी पात्रता काय रे?" गेंडेसाहेब गुरगुरले.

"उजेड."

आणि तो उतरलासुद्धा! आतून ओरडला, "अन्ननळी आणि श्वासनळीच्या मधल्या भिंतीला चीर आहे. दूध तिथून पलीकडे जातंय!"

दोन्ही वैद्य चिरेचा रकाना शोधायला दगडाकडे पळाले. मग टिटवीने शिंपिणीला हाक मारली. पानं शिवून घरटं करणारा तो इवलासा पक्षी असतो ना, तीच. तिने पाडसाला गुंगीचा पाला हुंगवला, काजव्याच्या उजेडात चोच आत घातली आणि कोळ्याच्या धाग्याने चार टाके घातले.

जखम भरली. एका सकाळी पाडस गटागटा दूध प्यायलं. ठसका नाही, शिट्टी नाही. चंदी हळूच रडली. टिटवी मोठ्याने रडली.

तेवढ्यात दोन्ही वैद्य धावत आले.

"शिवायला कोणी सांगितलं? आता प्रकार कसा ठरायचा?"

आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. "टाके उसवा. पाच मिनिटांचं काम. आम्ही बघून घेतलं की परत शिवा."

चंदीने मागचे दोन्ही पाय झाडले. घुबडराव झाडाच्या शेंड्यावर सापडले, गेंडेसाहेब ओढ्यात.

त्या दगडावर आज पाचवा रकाना आहे, बरं का. त्यात कोरलंय : 'आपोआप बरा होणारा. शोध : घुबड आणि गेंडे.'

तात्पर्य : मुलांनो, आजारी पडायचंच असेल तर आधी तक्ता बघून, एका रकान्यात नीट बसेल असं पडावं. आणि बरं व्हायची घाई करू नये. मोठ्या माणसांचं भांडण अर्धवट राहतं.