नववा भाग, डावी दाढ

रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी औषधवाला आला नाही, तेव्हा चष्मेवाल्याने आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग मनगटावरचं पाहिलं, आणि दोन्हींवर विश्वास बसेना म्हणून बायकोला विचारलं, "आज वार कोणता गं?"

"रविवार. सकाळपासून पायजम्यात आहात, त्यावरून कळलं नाही?"

चहाचे दोन कप भरून ठेवले होते. टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातली उजवीकडची, गादी पार दबलेली, ती औषधवाल्याची. एकोणीस वर्षं दर रविवारी पाचच्या ठोक्याला त्या खुर्चीत औषधवाला येऊन टेकायचा आणि दोघं मिळून अंतराळयानाच्या त्या जुन्या मालिकेचा एक भाग बघायचे. मालिका संपली की पुन्हा पहिल्यापासून. तापात, पावसात, औषधवाल्याच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा खंड पडला नव्हता.

चष्मेवाल्याने फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. मग तो खिडकीशी गेला. रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान होतं, त्याचं शटर खाली होतं. पण दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिथे सहा महिन्यांपूर्वी एका तरुण डॉक्टरने दातांचा दवाखाना थाटला होता, तिथल्या खिडकीत निळा उजेड लुकलुकत होता. त्या उजेडात दोन डोकी दिसत होती. एकावर भरघोस केस, दुसऱ्यावर नावालाच. दुसरं डोकं चष्मेवाल्याने हजार डोक्यांतून ओळखलं असतं.

आणि तो निळा उजेडही त्याने ओळखला. असा उजेड सबंध मालिकेत एकदाच पडतो. तीन डोळ्यांचा पाहुणा यानात उतरतो तेव्हा.

"नववा भाग!" तो किंचाळला. "नववा भाग लावलाय त्यांनी!"

"मग?" बायको म्हणाली.

मग काय, हे तिला सांगून उपयोग नव्हता. नववा भाग हा चष्मेवाल्याच्या काळजाचा तुकडा होता. त्यात दूरच्या ग्रहावरून एक पाहुणा येतो आणि यानाचा कप्तान सभ्यपणाने त्याची तोंडभरून स्तुती करतो. आता त्या ग्रहाची रीत अशी, की स्तुती करायची ती शत्रूची. मित्राला त्याचा दोष सांगायचा, तोही तोंडावर आणि तिसऱ्या माणसासमोर. कप्तान जितका गोड बोलतो तितका पाहुणा बिथरत जातो. युद्ध पेटायची वेळ येते, आणि अगदी शेवटी वैतागलेला कप्तान ओरडतो, "तुझ्या पायांना भयंकर वास येतो!" तेव्हा पाहुणा तिन्ही डोळ्यांनी घळाघळा रडतो आणि त्याला मिठी मारतो. चष्मेवाल्याला हा भाग तोंडपाठ होता. औषधवाल्यालाही तो आपणच दाखवला, समजावला, अशी त्याची समजूत होती. आणि आज तोच औषधवाला तोच भाग परक्याच्या मांडीला मांडी लावून बघत होता!

"तुम्हाला सवत आली म्हणायची," बायको म्हणाली आणि दुसरा कप तिने स्वतः पिऊन टाकला.

सोमवारी सकाळी स्वतःचं दुकान उघडायच्या आधी चष्मेवाला औषधांच्या दुकानात हजर झाला.

"काल आला नाहीस?"

औषधवाला गोळ्यांची पाकिटं रचत होता. तो रचतच राहिला. "अरे, काल जरा दाताचं दुखणं निघालं. म्हटलं, वर जाऊन दाखवून यावं."

"कुठला दात?"

"डावीकडची दाढ," औषधवाला म्हणाला आणि त्याने उजवा गाल धरला.

चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण इतकं ढिसाळ? एकोणीस वर्षांच्या मैत्रीला निदान बरं खोटं तरी मिळायला हवं होतं. तो काही बोलणार, इतक्यात जिन्यावरून डॉक्टर खाली आला. उंच, हसरा, दात तर असे की दवाखान्याच्या पाटीवर चिकटवावेत.

"दादा, पुढच्या रविवारी पाचला, विसरू नका! शेवट राहिलाय आपला." मग त्याचं लक्ष गेलं. "अरे, नमस्कार काका!"

डॉक्टर निघून गेला. चष्मेवाला जागच्या जागी उभा राहिला. औषधवाला आणि तो एकाच वर्षी जन्मले होते. उलट औषधवालाच तीन महिन्यांनी मोठा. आणि तो दादा, हा काका!

तो आठवडा चष्मेवाल्याने कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. एका बाईंना त्याने दूरच्या नंबराऐवजी जवळच्या काचा बसवून दिल्या. त्या बाई अर्ध्या रस्त्यातून परत आल्या, वाटेत खांबाला नमस्कार करून. वरच्या खिडकीत हसण्याचा आवाज आला की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडायचा, आणि चष्म्याचा स्क्रू एकदा पडला की तो देवालाही सापडत नाही. शुक्रवारपर्यंत त्याने सात स्क्रू घालवले. शनिवारी त्याच्या डोक्यात योजना तयार झाली.

योजना साधी होती. रविवारी पावणेपाचला दात धरून दवाखान्यात जायचं. रविवार झाला म्हणून काय, डॉक्टर कळवळणाऱ्या माणसाला परत पाठवील? तासभर त्याला खुर्चीपाशी अडकवून ठेवायचं. मग बसा म्हणावं दोघं नववा भाग बघत!

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दुखतंय तुमच्या पोटात, आणि दाखवायला चाललात दात!"

"तू गप्प बस."

"मी बसते. पण तुम्ही तिथे तोंड उघडणार, एवढं ध्यानात ठेवा."

या वाक्याचा अर्थ त्याला दवाखान्यात गेल्यावर कळला.

डॉक्टरने त्याला आत घेतलं. बाहेरच्या खोलीत पेशंटना बसायला बाकं आणि भिंतभर मोठा टीव्ही होता. आतली खोली धुरकट काचेच्या पार्टिशनने वेगळी केलेली. पार्टिशन छताला टेकत नव्हतं, त्यामुळे इकडचं तिकडे स्पष्ट ऐकू येई.

"कुठला दात, काका?"

चष्मेवाल्याने हे ठरवलंच नव्हतं. "हा... ही... डावीकडची दाढ," तो घाईघाईने म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला आठवलं की ही तर औषधवाल्याचीच थाप.

डॉक्टरने आरसा घातला, दिवा वळवला, दाढेवर बारीक ठोकलं. चष्मेवाला बसल्या जागी वीतभर उडाला.

"काका," डॉक्टर गंभीरपणे म्हणाला, "ही तर आतून पार पोकळ झालीय. मुळाशी काही उरलेलंच नाही. तुम्ही जेवत कसे होता हिच्यावर? बरं झालं आज आलात. काढून टाकू."

"काढून? नाही नाही, मला आता बरं वाटतंय. खरंच."

"भीती वाटली की सगळ्यांनाच बरं वाटतं," डॉक्टर मायेने म्हणाला आणि त्याने सुई भरली.

पाच वाजता, जेव्हा चष्मेवाल्याची अर्धी जीभ दुसऱ्याच कुणाची तरी झाली होती आणि तोंडात डॉक्टरचे दोन हात आणि एक पक्कड होती, तेव्हा बाहेरचं दार वाजलं.

"डॉक्टर, आलो हो!" औषधवाल्याचा आवाज.

"दादा, पेशंट आहे आत!" डॉक्टर ओरडला.

"असू दे, असू दे. तुमचं चालू द्या. मी भाग लावून ठेवतो. आज सुरुवातीपासून बघू, काय? गेल्या वेळी निम्म्यावर दार वाजलं, तर मला वाटलं आमचा मित्रच आला."

डॉक्टर जोरात खोकला.

"खोकला झालाय? खाली चांगलं सिरप आलंय, देतो. तर मी काय सांगत होतो, हा भाग मी एकोणीस वर्षं बघतोय, डॉक्टर. पण ऐकला कधी? एकदाही नाही! कप्तानाने तोंड उघडायच्या आधी हा उघडतो. सगळी वाक्यं आधी हा म्हणणार, मग ते म्हणणार. आणि दर वेळी सांगणार, त्या पाहुण्याच्या मधल्या डोळ्याला जवळचा नंबर आहे, बघ कसा बारीक करतोय. गेल्या रविवारी मी पहिल्यांदा त्या पाहुण्याचा आवाज ऐकला. दचकलोच! मला इतकी वर्षं वाटायचं, तो आमच्या मित्रासारखाच किनरा बोलतो."

खुर्चीतून "आँ! आँ!" असा आवाज आला.

"दादा," डॉक्टर घाम पुसता येत नसल्यामुळे तसाच घामाने डबडबत म्हणाला, "माणसामागे बोलण्यापेक्षा तोंडावर सांगावं. तुमच्या त्या ग्रहावर तर तीच रीत आहे ना?"

"तो ग्रह वेगळा, ही गल्ली वेगळी. तोंडावर सांगितलं आणि तो रुसून बसला म्हणजे? मग रविवारी मी जाऊ कुठे? तुम्ही माणूस चांगले आहात डॉक्टर, राग मानू नका, पण तुमच्याकडे मला चहा मागावा लागतो. तिथे मी जिना चढायच्या आधी कपात साखर पडलेली असते."

आत डॉक्टरने पक्कड ओढली. दाढ निघाली. चष्मेवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दाढेचं की साखरेचं, हे डॉक्टरने विचारलं नाही. त्याने जखमेवर कापूस दाबला आणि दार उघडलं.

समोर चष्मेवाला बघून औषधवाल्याच्या हातातला रिमोट खाली पडला.

"तू?"

चष्मेवाल्याने आठवडाभर एक भाषण तयार ठेवलं होतं. त्यात विश्वासघात, अस्तनीतला निखारा, पाठीत खंजीर असं सगळं होतं. त्याने बोट रोखलं आणि तोंड उघडलं.

"हू... हू इह्हासहाहकी..."

"काय म्हणतोय हा?" औषधवाला घाबरला.

"काका, बोलायचं नाही!" डॉक्टर धावला. "कापूस घट्ट दाबून धरा. तासभर तोंड बंद. एक शब्दही नाही."

औषधवाल्याने मान वर केली. "एक शब्दही नाही?"

"नाही."

"भाग पन्नास मिनिटांचाच आहे," औषधवाला हळूच म्हणाला. मग बाकावर सरकून त्याने शेजारची जागा झटकली. "ये ना रे. बस."

जावं की बसावं, हे चष्मेवाल्याला ठरवता येईना. पण घरी जाऊन बायकोला काय सांगणार? तो बसला. गाल धरून, भिंतीकडे तोंड करून.

पहिली दहा मिनिटं औषधवाला स्वर्गात होता. निळा उजेड पडला, पाहुणा आपल्या खर्जातल्या आवाजात बोलला, कप्तानाने स्तुती केली. दवाखान्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

अकराव्या मिनिटाला पाहुण्याने मधला डोळा बारीक केला. औषधवाल्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाला गप्प. औषधवाला थोडा थांबला. पुन्हा पाहिलं. बाकावर चुळबुळला. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं त्याला काहीतरी झालं.

"त्याच्या त्या डोळ्याला," शेवटी तो स्वतःच म्हणाला, "दूरचा नंबर असावा. नाही?"

चष्मेवाल्याने जोरजोरात मान हलवली. बोट नाकाजवळ आणून दाखवलं. जवळचा!

"दूरचा नाही? मग बारीक का करतोय?"

चष्मेवाल्याने डॉक्टरच्या टेबलावरून औषधं लिहायचं पॅड ओढलं आणि लिहिलं, 'गाढवा, समोरचा कप्तान हातभर अंतरावर आहे.'

"हातभर कुठे? चांगला दहा पावलांवर आहे!"

"दादा, श्श," डॉक्टर म्हणाला.

पण आता ते थांबणार कसं? पुढचं वाक्य औषधवाल्याने कप्तानाआधी म्हटलं, तेही चुकीचं. चष्मेवाल्याने ते लिहून दुरुस्त केलं. औषधवाल्याने अक्षर लागत नाही म्हणून तक्रार केली. आपण आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचत आलो, पण इतकं घाणेरडं अक्षर पाहिलं नाही, असं तो म्हणाला. चष्मेवाल्याने त्याच्या चष्म्याकडे बोट दाखवून खांदे उडवले. कप्तानाने पायांच्या वासाचं ते वाक्य उच्चारलं तेव्हा दोघांची इतकी जुंपली होती, की ते कुणालाच ऐकू आलं नाही. डॉक्टर टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन एकटाच उभा होता, कानाला हात लावून.

भाग संपला. निघताना औषधवाल्याने चष्मेवाल्याला हात देऊन उठवलं, त्याच्या गालावरचा कापसाचा धागा काढला आणि म्हणाला, "चल, वहिनींना सांगू, आज गारच चहा द्या. बधिर तोंडाला गरम नको."

डॉक्टर दारापर्यंत आला. तो हसत नव्हता.

"काका, मी बघितलं, उजवीकडचीही एक दाढ संशयास्पद वाटते. पुढच्या रविवारी या. पाचला. तीही काढून टाकू."

"तिला काही झालेलं नाही," औषधवाला ताबडतोब म्हणाला.

"तुम्ही कसं सांगता, दादा?"

"एकोणीस वर्षं मी त्याच्या उजवीकडेच बसतोय, डॉक्टर," औषधवाला म्हणाला. "सगळे दात पाठ आहेत मला. तोंड बंद असतं कधी त्याचं?"