डोमाजी स्टेजवर मरत नसे

माझ्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर मरतो. म्हणजे मी तसं लिहिलं होतं. पण इन्स्पेक्टरचं काम डोमाजीकडे होतं, आणि डोमाजी काही केल्या मरत नसे.

डाकू गोळी झाडायचा, पेटीवाला करुण सूर धरायचा आणि हा खांदा दाबून उभाच. दुसरी गोळी मांडीला, तिसरी कानाला चाटून. वडशाजवळच्या एका खेळात डाकूच्या पिस्तुलातल्या टिकल्या संपल्या. बिचारा तोंडानेच 'ठो ठो' करत राहिला. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. मी लेखक, विंगेत जळत होतो.

"अरे, मराले तुझं काय जाते?"

"मास्तर, खांद्यानं कोनी मरत नाई. फौजेत पाह्यलं हाय मी."

फौजेत पंधरा वर्षं काढून तो सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी धान रोवायला परतला होता. नाव मात्र राखीव यादीत होतं आणि त्याची कोण मिजास! लग्नाच्या पंगतीतही हा भिंतीला टेकून ताठ उभा. "आधी तुमी बसा. मी रिझर्वमदी हावो."

घरात माय-लेक दोघंच. खेळ कुठेही असो, माय बैलबंडीतून यायची आणि पोतं अंथरून अगदी पुढे बसायची.

एका उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली आणि राखीवांना बोलावणं आलं. एसटीच्या पायरीवरून डोमाजी म्हणाला, "तुमचा खेळ लय बिघडवला मी, मास्तर. पन समोर माय बसून राह्यते ना. तिच्यासमोर कसा मरू?"

खेळांचे तीन हिवाळे मी त्याच्यावर धुसफुसत होतो. गाडी सुटली.

दोन महिन्यांनी तो तिरंग्यात गुंडाळून आला. शाळेच्या पटांगणात, आमचा मंडप पडायचा तिथेच त्याला ठेवलं. साहेब, पुढारी, गावोगावची माणसं. त्या रेट्यात माय मागे पडली होती. काखेत पोतं होतं. रडत नव्हती. तिने माझी बाही ओढली.

"मास्तर, मानसं बाजूले करा. मले समोर बसू द्या. मी दिसली का तो उठते."

मी माणसं बाजूला केली. तिने पोतं अंथरलं, त्यावर बसली, पदर सारखा केला.

सलामीच्या बंदुका तीनदा वाजल्या. लाज सोडून सांगतो, तिसऱ्या बारानंतर मीही वाट पाहिली.