संबंधितांना पाठव

पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागेल असं काम या जगात उरलेलंच नाही, असं सोमेशचं ठाम मत होतं. लातुरात घराच्या पुढच्या खोलीत त्याचं वेबसाइट बनवायचं ऑफिस. तिथं बसूनसुद्धा तो बसलेला नसायचा. खुर्चीखाली एक पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा सारखा हलत असायचा. चहा निवायची वाट बघायचा नाही, म्हणून जीभ कायम पोळलेली.

त्या दिवशी उदगीरहून ईश्वरप्पा आले होते. रिटायर मास्तर, आणि तिकडच्या एका वधू-वर मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची जुनी वेबसाइट सोमेशच बघायचा; आता ती बंद करून नवी उभी करायचं कामही त्याच्याकडंच होतं. जुन्या साइटवर त्यानं क्रॉलर सोडला होता. क्रॉलर म्हणजे साइटचं एकेक पान उघडून, दिसेल ते साठवून ठेवणारा प्रोग्राम. आता ते साठवलेलं एका एक्सेल फाइलीत काढायचं आणि मंडळाच्या तीन सभासदांकडं तपासायला पाठवायचं, एवढंच राहिलं होतं.

"हे आता आपण करायचं न्हाई, काका. एजंट करतो," सोमेश म्हणाला.

"कोण एजंट? कुठला हाय? आपल्यातला हाय का?"

"माणूस न्हाई, एआय हाय. नुसतं सांगायचं. फाइल काढतो, मेलबी पाठवतो."

"पाठवायच्या आधी मला दाखव."

"पाच मिनिटांत दाखवतो."

एजंट मोठा नम्र निघाला. पायरी-पायरीला विचारायचा. साठवलेला क्रॉल उघडू का? फाइल बनवू का? मंडळाचा मेल वापरू का? नव्या जावयासारखं त्याचं हे विचारणं ऐकून सोमेशचा धीर सुटला. 'नेहमीसाठी परवानगी' असं एक बटण होतं, ते त्यानं दाबलं आणि खाली लिहिलं, 'सगळा क्रॉल एक्सपोर्ट कर आणि संबंधितांना पाठव.' मग ईश्वरप्पांना घेऊन कोपऱ्यावर चहाला गेला. दाखवायचं राहूनच गेलं.

संबंधित म्हणजे ते तीन सभासद, हे सोमेशच्या डोक्यात होतं. एजंटला कोण सांगणार? या माहितीशी ज्यांचा संबंध, ते सगळे संबंधित, असा त्यानं सरळ अर्थ लावला. पानापानावर ज्याचा मेल सापडला त्याला फाइल धाडली. मंडळ सुरू झाल्यापासूनची सगळी लग्नाळू मंडळी त्यात होती, नाव, वय, उंची, पगार आणि फोन नंबरासकट. त्यातली निम्मी एव्हाना लेकराबाळांची झाली होती.

चहा अर्धा झाला आणि ईश्वरप्पांचा फोन वाजला.

"मास्तर, निलंग्याहून सिद्धराम बोलतो. माझं लगीन तुमच्याच मंडळात जमलं ना? दोन लेकरं हायत मला. आन् आत्ता मंडळाकडून स्थळं आली. बायको समोर बसून एकेक वाचायलीय."

दोघं धावत परतले. दारात सोमेशची बायको शिवानी मोबाइल घेऊन उभी. यांचंही लग्न याच मंडळातलं.

"मला एक स्थळ आलंय," ती म्हणाली. "सोमेश म्हणून हाय. उंची पाच फूट नऊ इंच, स्वभाव शांत. वळखता का तुम्ही?"

सोमेशनं तिकडं बघितलंच नाही. उभ्या-उभ्या त्यानं टाइप केलं, 'चूक झाली. सगळ्यांना ताबडतोब माफीचा मेल पाठव.' तो गेलासुद्धा. भाषा अशी, की वाचून डोळ्यांत पाणी यावं. शेवटी एक ओळ होती, 'ही दिलगिरी कोणत्या फाइलीबद्दल आहे हे लक्षात यावे, म्हणून ती पुन्हा सोबत जोडली आहे.'

सोमेशनं भिंतीतला प्लग उपटला.

ईश्वरप्पा एव्हाना स्वतःच्या मोबाइलवर फाइल बघत होते. बघता-बघता त्यांचा अंगठा थांबला. बायको गेल्यावर लेकीच्या हट्टापायी त्यांनी स्वतःचंही नाव मंडळात घातलं होतं, आणि लाजून आठवड्याच्या आत काढायला लावलं होतं.

"हे तू काढतो म्हणालतास."

"वरची लिंक काढलती, काका. पान आत तसंच राहिलं. साइटच्या नकाशात, म्हंजे पानांच्या यादीत, त्याचं नाव होतं, तिथनं क्रॉलरला घावलं."

ईश्वरप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "माझं जाऊ दे. हसतील चार दिवस. पर लोक माझ्या भरवशावर लेकींचे नंबर देतात, सोमेश. त्यांना काय सांगू?"

सोमेश खुर्चीत टेकला. त्याचा हलणारा पाय थांबला होता.

मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सावकाश काम केलं. शेजारी ईश्वरप्पांना बसवून फाइलीतल्या एकेकाला फोन लावला, चूक सांगितली, माफी मागितली, फाइल पुसून टाका म्हणून हात जोडले. बहुतेकांनी शिव्या घातल्या. मुखेडच्या एका आजोबांनी पुसायच्या आधी नातीसाठी दोन नंबर उतरून घेऊ का, असं विचारलं. ईश्वरप्पांनी फोन हातात घेऊन त्यांना बजावलं, तेव्हा कुठं ते मानले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोमेशचा घसा बसला होता.

तेवढ्यात ईश्वरप्पांचा फोन वाजला. सोमेशनंच तो उचलला. शिरूर अनंतपाळहून महानंदाबाई बोलत होत्या. रिटायर शिक्षिका, एकट्याच राहणाऱ्या. त्यांचंही नाव जुन्या पानांत होतं. सोमेश तोंड उघडून माफी मागणार, तर त्यांनी ठणकावलं, "मला अध्यक्षांशी बोलायचंय."

ईश्वरप्पा फोन घेऊन अंगणात गेले. सोमेश खिडकीतून बघत राहिला. आता पोलिसांत तक्रार जाणार, मंडळ बुडणार, आपण बुडणार, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जाऊन आलं. बाहेर ईश्वरप्पा आधी मान खाली घालून ऐकत होते. मग जास्वंदीचं एक पान तोडून बोटांत चुरगाळू लागले. मग चक्क हसले.

ते आत आल्यावर सोमेशनं घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय म्हणाल्या? लई चिडल्या का?"

"चिडल्या की. माझ्या माहितीत शुद्धलेखनाच्या चुका लई हायत म्हणाल्या. विधुरमधला धु दीर्घ लिवलाय." ईश्वरप्पांनी उगाचच सदऱ्याची कॉलर नीट केली. "रविवारी उदगीरला येऊन समक्ष दुरुस्त करून देतो म्हणाल्या."

सोमेशनं लगबगीनं प्लग हातात घेतला. "कशाला, काका? मी आत्ता पाच मिनिटांत दुरुस्त करतो."

"तू," ईश्वरप्पा म्हणाले, "कशालाच हात लावू नको."