जीपचं नाक आणि मनकर्णाबाईंचा कुलर

"सरिता, तुह्या नवऱ्याले लाज नावाची चीज हाय का नाई?"

मनकर्णाबाई रिकाम्या खिडकीसमोर उभ्या होत्या. मे महिना, चंद्रपूर, दुपारचे बारा, आणि खिडकीत कुलर नाही. त्या दोन दिवस लेकीकडे वरोऱ्याला काय गेल्या, घरी येतात तर खिडकीतून ऊन डोळे वटारून बघत होतं. बाकी सगळं जागेवर होतं. माठाच्या तोंडाला फडकं, लोणच्याच्या बरणीला फडकं, मिक्सरला फडकं. कोळशाचे ट्रक घरासमोरून जायचे, म्हणून बाईंच्या घरात कुठल्याच वस्तूचं तोंड उघडं नसायचं. सगळी फडकी एकाच जुन्या, हिरव्या काठाच्या लुगड्याची.

"आई, मी नाई म्हणलं होतं त्यायले," सुनेनं आधी स्वतःची सुटका करून घेतली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. घर्र घर्र टिक, घर्र घर्र टिक. त्या टिकवर मनकर्णाबाईंचे कान उभे राहिले. त्यांच्याच कुलरचं एक पातं जाळीला घासायचं.

"सुनिलच्या घरी माहा कुलर काऊन वाजून राह्यला?"

उत्तर अंगणात होतं. मिथुन जीपचं बोनेट उघडून बसला होता. मांडीवर मोबाइल आणि हातात हातभर लांब लालभडक पाइप, टोकाला भोंग्यासारखा फिल्टर.

"अदलाबदल केली, आई. सुनिलनं हा आपल्या कारसाठी आणला होता, लावलाच नाई. गाडीले हवा कमी पडून राह्यली. या पाइपानं थंडी हवा भरपूर जाते, इंजिनची ताकद वाढते. व्हिडिओत दाखवते."

"म्हणजे माह्या नाकातली हवा काढून तू गाडीच्या नाकात घातली?"

"सोमवारी लॉजवर ट्रायल हाय ना!"

ट्रायल बाईंनाही हवी होती. मोहर्लीच्या जंगलाच्या वाटेवर एक नवा लॉज झाला होता. स्टेशनवरून पाहुणे न्यायला त्यांना रोजची जीप हवी होती. काम लागलं तर मिथुनचा संसार वर्षभर बिनघोर. पण लॉजच्या दारातच उभी चढण, आणि फेब्रुवारीपासून जीपचा जीव गेलेला. चार माणसं बसली की काळा धूर सोडायची आणि म्हाताऱ्या बैलासारखी उभी राहायची.

लहानू मिस्तरीनं महिन्याभरापूर्वी फिल्टरचा डबा उघडून पाहिला होता. फिल्टर नवा कोरा. तो डोकं खाजवत गेला होता. आज बाईंनी त्याला पुन्हा बोलावलं.

"जयभीम, बाई. पाइपाचं म्हणाल, तर नुसता आवाज वाढते," लहानू म्हणाला. "कंपनीच्या डब्यातून इंजिनाले पायजे तेवढी हवा भेटते. हा उघडा भोंगा तर इंजिनाजवळची गरम हवा वढीन. सुनिललेबी मी हेच सांगतलं होतं."

"ऐकलं? शिकलेला माणूस होय तो," बाई लेकाला म्हणाल्या.

मिथुननं ऐकलं नाही. त्यानं व्हिडिओ बघत बघत जुना डबा नळीसकट उपटून गोठ्यात फेकला, लाल पाइप बसवला आणि किल्ली फिरवली.

गाडी डरकाळली. सरिताच्या हातातला तांब्या पडला. गल्लीतली पोरं जीपमध्ये घुसली, शेजारची माणसं घुसली, आणि अकरा जण भरलेली ती जीप तलावाच्या उंच बांधावर सरसर चढून गेली. धुराचा ठिपका नाही.

लहानूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणजे कुलर देऊन खरोखर ताकद आली?

सर्वात जास्त धक्का बसला सुनिलला. संध्याकाळी तो कुलर दोन्ही हातांनी कवटाळून दारात हजर.

"मिथुनभाऊ, तुमचा कुलर घ्या, माहा पाइप द्या. लहानूनं मले खड्ड्यात घातलं."

"नाई बा. सौदा म्हणजे सौदा."

सुनिल कुलर घेऊन परत गेला. मनकर्णाबाई दारापर्यंत आलेल्या कुलरची पाठ बघत राहिल्या. लेकाच्या लग्नातही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या हट्टानं जीपमध्ये बसल्या. एवढं गमावून चढण तरी बघावी म्हणून. जीप चढली, झोकात चढली. पण वर मॅनेजर कानांवर हात ठेवून उभा होता आणि झाडावरची माकडं पळून गेली होती.

"हे काय आणलंत? आमचे पाहुणे शांततेसाठी येतात. वाघ पार मूल गावाला निघून जाईल."

"साहेब, ताकद पाहा ना."

"ताकद आहे. आवाज काढा आणि पाच वाजेपर्यंत परत या. नाहीतर दुसरा एक जण तयार आहे."

परतीच्या वाटेवर मिथुनचा चेहरा पडलेला. "पाइप काढला तर आवाज जाईन, पण ताकदबी जाईन. गेलं काम, आई."

घरी लहानू हजर होता. त्यानं गोठ्यातून जुना डबा आणला, लाल पाइप काढून बाजूला ठेवला आणि डब्याच्या नळीवरून हात फिरवला. हात थांबला. नळीच्या तोंडाला काहीतरी चिकटलं होतं, रबरासारखं काळं. त्यानं सुतळी तोडली आणि चार पदरी कापड ओढून काढलं. झटकलं तसा धुरळ्याचा लोट उडाला आणि खालून हिरवा काठ दिसला.

सरितानं माठाकडे पाहिलं. मग बरणीकडे. मग सासूकडे.

"आई," मिथुननं फडकं उचललं, "हे..."

"फेब्रुवारीत तू बोनेट उघडं टाकून गेला होता," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लोकं तोंडाले फडकं बांधून फिरतात अन् गाडीचं नाक उघडं. म्हणलं, धूळ जाईन."

"म्हूनच फिल्टर नवा कोरा!" लहानू मटकन खाली बसला. "बाई, तीन महिने इंजिनाचं नाक दाबून ठेवलं तुमी. पाइपात ताकद नव्हतीच. डबा निघाला, फडकं सुटलं, गाडीनं श्वास घेतला."

नेमका तेव्हाच फाटकाशी सुनिल आला. "मिथुनभाऊ, शेवटचं विचारतो. देता का पाइप?"

मिथुननं तोंड उघडलं. त्याआधी फडकं मनकर्णाबाईंच्या कमरेला खोचलं गेलं होतं.

"देते, देते. शेजाऱ्याले कायले नाराज करा? पयले कुलर खिडकीत बसव, बाबू. मंग तुही वस्तू तू घेऊन जाय."

पाच वाजता जीप जुन्या डब्यासह, आठ माणसं घेऊन, आवाज न करता लॉजची चढण चढली. मॅनेजरनं हात मिळवला.

आनंदात घरी आलेला मिथुन कुलरसमोर बसला आणि थोड्या वेळानं उठला. कुलर घरघरत होता, टिक म्हणत होता, पण हवा येत नव्हती. त्यानं वाकून पाहिलं. कुलरच्या मागच्या जाळीला धुतलेलं, हिरव्या काठाचं फडकं घट्ट बांधलेलं होतं.

"आई! पुन्हा?"

मनकर्णाबाईंनी घाम पुसला आणि बाजेवर पाय पसरले.

"मिथुन, इकडं पाय. पाइपानं ताकद वाढत नाई हे मी पयल्या दिवशी सांगतलं होतं, ते खरं निघालं. तुह्या गाडीचा फिल्टर तीन महिने कोरा राह्यला, तो माह्या लुगड्यानं. या घरात अक्कल एकाच माणसाले हाय. अन् हवा कमी येते म्हून आता कुलरले पाइप लावशीन, तर घरात पाय ठेवू नको!"